काकांचा उलटा हात

देवासला ज्यांच्या घरात मी अकरा वर्षं वरच्या खोलीत भाड्याने राहिलो, ते घरमालक काका कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. पहिल्या दिवशी सामान वर चढवून मी दिव्याचं बटण दाबलं, तर काका मागून आले, बोर्डावर हाताची मागची बाजू टेकवली, दोन-तीन क्षण डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "राहा. काही हरकत नाही." मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. पुढे कळलं की परीक्षा वायरिंगची होती, भाडेकरू कसाही चालला असता.

उलटाच हात का, हे त्यांनी मला त्याच आठवड्यात समजावून सांगितलं. चालू विजेला तळवा लागला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो, उलट्या हाताला झटका बसला तर हात आपसूक मागे येतो. शिवाय कामाच्या माणसाच्या तळव्याला घट्टे पडलेले असतात, त्याला कोमट काय आणि गरम काय. मागची कातडी मात्र म्हातारपणापर्यंत कोवळी राहते. "तळवा काम करतो मास्तर, उलटा हात खरं सांगतो," असं ते म्हणत. मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायचो म्हणून मास्तर.

काका मूळचे मिरजेकडचे. तरुणपणी देवासच्या कारखान्यांत नोकऱ्या निघाल्या तेव्हा आले आणि सोयाबीन वाळवायच्या विभागात ब्लोअरवर लागले. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी गरम हवा इकडून तिकडे नेली, दुसरं काही केलं नाही. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे हवा उरली नव्हती, म्हणून त्यांनी घरातली हवा हाती घेतली. प्रत्येक खिडकीला, प्रत्येक दारावर, शेगडीच्या वरच्या झरोक्याला त्यांनी टीचभर पांढरा सुती दोरा चिकटवलेला असे. दोरा कुठे झुकतो त्यावरून घराचा श्वास कसा चाललाय ते त्यांना कळायचं. फ्रीज भिंतीपासून दोन हात पुढे, जवळजवळ खोलीच्या मध्यात. पाहुणा आला आणि चुकीच्या खुर्चीत बसला तर काका अदबीने सांगत, "जरा इकडे सरका, तुम्ही हवेच्या वाटेत बसलात." काकू म्हणायच्या, या घरात हवेला जेवढा मान आहे त्याच्या निम्मा मला मिळाला असता तर मी माहेरचं नाव काढलं नसतं.

त्यांचं एक तत्त्व होतं आणि त्यावर ते कुणाशीही भांडायला तयार असत. गरम हवा ढकलायची नसते, खेचायची असते. ढकललेली हवा कोपरे शोधत बसते, खेचलेली हवा वाट शोधते. कारखान्यात नवा इंजिनीअर आला की तो ढकलायला बघायचा आणि काका त्याला खेचायला लावायचे. माल वाळला की इंजिनीअर गप्प. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या एखाद्या विद्यार्थ्याला उदाहरण न सुटल्यास मीही 'खेचून बघ' म्हणायला लागलो होतो.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात मी कोरा नाही. मी धारचा. आमचं घराणं संस्थानच्या काळात दफ्तरात होतं, आता दफ्तर नाही पण रीत उरली. मी काकांना "आपलं भोजन झालं का?" असं विचारलं की ते पोट धरून हसत आणि काकूंना हाक मारून सांगत, "ऐका, मास्तर पोथीतून बोलले." आमच्या घरी मोठ्यांची चूक काढत नसत. श्रावणात एकदा पूजा सांगताना वृद्ध गुरुजींनी अख्खा संकल्प गाळला, सगळ्यांना कळलं, पण वडिलांनी डोळ्यांनीच आम्हाला बसवलं. मोठ्यांची चूक मोठ्यांनाच सापडू द्यावी, मध्ये लहानांनी तोंड घालू नये, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं. दिवसभर पोरांच्या वह्यांत लाल शाईने चुका काढणारा मी, मोठ्या माणसासमोर मात्र खालची मान वर करत नसे.

काकांचा मुलगा राजू. मी राहायला आलो तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि पाढे चुकवायचा. वरच्या खोलीत माझ्यापुढे बसून तो शिकला, मोठा झाला, इंदूरला इंजिनीअरिंगला गेला. बापाशी त्याचं पटेना. काकांना वाटे, त्याने कारखान्यात लागावं. त्याला कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचे होते. नुसते खेळायचे नाहीत, बनवायचे. काकांनी एकदा जेवताना म्हटलं, "खेळ बनवून कुणाचं धान्य वाळतं?" राजू ताटावरून उठला आणि त्यानंतर दोघांचं बोलणं काकूंमार्फत होऊ लागलं. 'बाबांना सांग', 'त्याला विचार'. दोघेही एकाच खोलीत.

शिकत असतानाच नोकरी करून राजूने गेमिंगचा एक लॅपटॉप घेतला. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तो घेऊन तो देवासला आला. पाटीएवढा रुंद आणि पाट्याएवढा जड. पुण्याच्या एका कंपनीला त्याला स्वतः बनवलेला खेळ दाखवायचा होता. देवासच्या टेकरीवर एक सायकलवाला चढतोय, पायऱ्यांवर माकडं, खाली सगळं गाव दिसतंय, असा तो खेळ. मला दाखवला तेव्हा मी सायकलवाल्याला तीनदा माकडांवर घातलं. ठरलेल्या तारखेला तो पुण्याला न्यायचा होता, आणि वैशाखातल्या देवासला तो लॅपटॉप वीस मिनिटं चालला की धापा टाकून बंद पडायचा. राजू ओल्या फडक्यावर ताट ठेवून, ताटावर लॅपटॉप ठेवून बसायचा. तरी बंद.

काका चार दिवस दारातून बघत होते. पाचव्या दिवशी राजू अंघोळीला गेला असताना आत गेले आणि लॅपटॉपला उलटा हात लावला. मी वर्तमानपत्र परत द्यायला खाली आलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. मुलाच्या त्या सगळ्या परक्या दुनियेत त्यांना एक ओळखीचं माणूस भेटलं होतं. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "हा नुसता तापतोय हो."

कूलिंग पॅड नावाची वस्तू मिळते, लॅपटॉपखाली ठेवायची, तिच्यात पंखे असतात, हे मीच त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी दोन दिवस अभ्यास केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लॅपटॉपच्या पोटाचा साचा काढला. जाळ्या कुठे आहेत ते टोचून घेतलं. मग लॅपटॉप चालू असताना राजूच्या नकळत उलटा हात फिरवून पेन्सिलीने लिहिलं, 'कोमट', 'गरम', 'लय गरम'. साचा पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की लॅपटॉप उताणा पाहून काढलाय आणि तो तर पॅडवर पालथा बसणार, म्हणजे डावं उजवं होणार. मग कागद उजेडाकडे धरून मागून पुन्हा गिरवला. मला म्हणाले, "चला इंदूरला. तुम्ही हिंदी बोला, मी हात लावतो."

जेल रोडच्या एका दुकानात आम्ही दुपारभर होतो. दुकानदार एकापाठोपाठ एक पॅड काढत होता. दोन पंख्यांचा, तीन पंख्यांचा, निळ्या दिव्यांचा, प्लास्टिकच्या जाळीचा, पत्र्याच्या जाळीचा. काका प्रत्येकावर कागद ठेवत आणि पंखा 'लय गरम'च्या खाली येतो की नाही ते बघत. तीन पंख्यांचा सगळ्यांत महाग होता, पण त्याचे तिन्ही पंखे 'कोमट'खाली येत होते. काकांनी तो बाजूला सारला. निळ्या दिव्यांच्या पॅडबद्दल त्यांनी मला विचारलं की दिव्याने थंडावा येतो का, मी नाही म्हटलं, तोही गेला. प्लास्टिकला हात लावून म्हणाले, "हे ऊब धरून ठेवतं." मग खिशातून दोरा काढून पंख्यावर धरला. दुकानदार अखेर म्हणाला, "अंकलजी, लेपटॉप के लिए ले रे हो, भट्टी के लिए नी." काका गंभीरपणे मला म्हणाले, "त्यांना सांगा, माणूस तापला तर पाणी मागतो, हा मागत नाही. आपल्यालाच बघावं लागतं." मी ते हिंदीत सांगितलं. दुकानदार हसायचा थांबला आणि त्याने वरच्या फळीवरून एक पत्र्याच्या जाळीचा, दोनच मोठ्या पंख्यांचा, मागून जरा उंच असा पॅड काढला. कागद ठेवला तर डावा पंखा बरोबर 'लय गरम'च्या खाली. काकांनी तो घेतला.

आज मागे वळून पाहिलं तर वाटतं, त्या दिवशी त्या दुकानात याहून योग्य पॅड नव्हता. निवड बरोबर होती. तिथेच थांबायला हवं होतं.

घरी येऊन काकूंमार्फत तो राजूला दिला गेला. संध्याकाळी मी खाली चहा घेत होतो तेव्हा राजू खोलीच्या दारात आला. काकूंकडे न बघता, सरळ काकांना म्हणाला, "बाबा, दोन घंटे झाले. एकदाही बंद नी पडला." काका फक्त "बरं" म्हणाले. पण मग उठून अंगणात गेले आणि बराच वेळ तिथल्या दोऱ्याकडे पाहत उभे राहिले. दोरा हलत नव्हता, वारा नव्हताच.

त्या दोन तासांनी घात केला. दोन तास चालतो तर चार का नाही, असं त्यांच्या डोक्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राजू गावात कुणाकडे गेला होता. काकांनी मला हाक मारली आणि पॅड उलटा करून दाखवला. "हे बघा, हे ढकलतंय. वर ढकलतंय. दुकानात जागा जुळवायच्या नादात माझ्या ध्यानात नाही आलं. आपण खेचूया." त्यांनी पंखे उघडले. एकेकाचे चार असे आठ स्क्रू मी माझ्या तळव्यात धरले. दोन्ही पंखे पालथे घालून पुन्हा बसवले, म्हणजे आता ते वरची हवा खाली ओढणार. मग लॅपटॉप चालू करून त्यांनी तो एका बाजूवर उभा धरला आणि सवयीने पोटाच्या जाळीजवळ दोरा नेला.

दोरा जाळीला चिकटला. आत ओढला गेला.

मी गणिताचा माणूस आहे, यंत्राचा नाही, पण एवढं मलाही कळलं. तो लॅपटॉप पोटाकडून श्वास घेत होता आणि कडेच्या फटीतून सोडत होता. खालून हवा ओढली तर त्याच्या तोंडचा घास काढल्यासारखं होणार. माझ्या ओठांवर आलं होतं. काकांनी एक क्षण दोऱ्याकडे पाहिलं, मग दोरा खिशात घातला आणि लॅपटॉप पॅडवर ठेवला. मला वाटलं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला वाटलं, कालच मुलगा बोललाय, आज कशाला. खरं सांगायचं तर मला धारच्या घरातल्या वडिलांचे डोळे दिसले आणि मी खाली बसलो. उरलेला एक स्क्रू माझ्या तळव्यात होता, तो मी त्यांच्या हातावर ठेवला.

दुपारी राजूने त्यावर मोठं काम लावलं आणि जेवायला बसला. पुण्याची तारीख चौथ्या दिवशी होती. काका खोलीत स्टूल टाकून, दूध तापत ठेवल्यासारखे लॅपटॉपसमोर बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनीच राजूला बोलावलं. पडद्यावर रंगीत उभ्या रेघा आल्या होत्या आणि मग पडदा काळा झाला. राजूने पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला, काळाच. त्याने पॅड उचलला, उलटा केला, पंखे पाहिले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही याला हात लावला ना?"

काका म्हणाले, "हो."

खेळ डिस्कमध्ये शाबूत होता, पण डिस्क काढून दुसऱ्या तेवढ्याच ताकदीच्या मशीनवर चढवेपर्यंत आठवडा गेला आणि पुण्याची तारीख गेली. राजू मेलेला लॅपटॉप आणि पॅड तिथेच ठेवून गेला. काही महिन्यांनी पुण्यातच त्याला दुसरीकडे नोकरी लागली, बँकांची सॉफ्टवेअर तपासायची. खेळ त्याने पुन्हा काढला नाही. तो फोन काकूंना करायचा आणि कधीकधी मला.

काकांनी घरातले दोरे काढून टाकले. एक दिवस मी शाळेतून आलो तर फ्रीज भिंतीला लागलेला. पाहुणे कुठेही बसू लागले. विहिरीवरच्या मोटारीतून जळका वास येत होता तेव्हा काकूंनी म्हटलं, हात लावून बघा ना, तर म्हणाले, वायरमनला बोलव. मला त्यांचा हात आता सारखा दिसायचा, कारण तो कशावरच नसायचा. खुर्चीवर बसत आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवत.

माझ्याच्याने राहवेना. दिवाळीच्या सुटीत त्यांना विचारून मी तो लॅपटॉप इंदूरला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून पाहिला आणि मला टेबलाखालचा ढीग दाखवला. यातल्या चित्रांच्या चिपचं जोडकामच कच्चं असतं, म्हणाला, उन्हाळ्यात किती आले, पॅडवाले, बिनापॅडवाले. "ये तो वैसे भी जाता, भिया." मी बसने परत येताना खिडकीशी बसून हसत होतो. काकांना कधी सांगतो असं झालं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मरणारच होता म्हणून नाक दाबायचं असतं का, मास्तर?"

मी म्हटलं, काका, आपल्याला काय माहीत होतं.

"दोरा तुम्ही पाहिलात," ते म्हणाले. "मला दिसलं तुम्ही पाहिलेलं. मीही पाहिला. तीस वर्षं लोकांना सांगत आलो की दोरा खोटं बोलत नाही, आणि माझ्याच दोऱ्याने सांगितलं तर मी तो खिशात घातला. माझं तत्त्व मोडत होतं ना." मग म्हणाले, "राजूला हे सांगू नका. तुम्ही होतात हेही नको. त्याला तुमच्याशी बोलता येतं, तेवढं राहू द्या."

मी होय म्हटलं. या खेपेलाही मोठ्यांचं ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली धारला झाली. त्या थंडीत काकूंचा फोन आला की काकांना झटका येऊन उजवी बाजू गेली, राजू आलाय. मी सकाळच्या बसने गेलो. काकूंनी दारातच सांगितलं की बोलतात, पण शब्द जड येतात. उजव्या हाताला काहीच कळत नाही. चार दिवसांपूर्वी चहा सांडून हात मागून पोळला, फोड आला, तरी त्यांना पत्ता नाही, पट्टी बांधताना विचारत होते की काय झालं.

राजू अंगणात उन्हाला बसला होता, मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप. मी शेजारी बसलो आणि आधी दुरुस्तीवाला काय म्हणाला ते सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे, दादा. महिन्याभरातच कळलं होतं मला. पण तोपर्यंत बोलणं बंद झालेलं, फिर आदत पड गई." मग मी काकांना दिलेला शब्द मोडला. स्क्रू माझ्या हातात होते हे सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं.

"बाबांनी पाहिला होता दोरा?"

"पाहिला होता."

"आणि तरी?"

"आणि तरी. आणि मीही पाहिला होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. इतकी वर्षं माझ्यापुढे बसून गणितं केलेला मुलगा, मला तेव्हा त्याच्यासमोर बसवत नव्हतं. तो उठला आणि लॅपटॉप तसाच चालू धरून आत गेला. मी मागे गेलो.

काका खाटेवर उशांना टेकून बसवलेले होते. राजू त्यांच्या उजव्या अंगाला बसला. त्याने त्यांचा पट्टी बांधलेला हात उचलला, पालथा होता तो तसाच लॅपटॉपच्या पोटाखाली नेला आणि मागची बाजू हलकेच टेकवली. काकूंनी काही बोलायला तोंड उघडलं आणि पदर लावला.

"बाबा, बघा ना. तापलाय का?"

काकांनी त्या हाताकडे पाहिलं, मग मुलाकडे. मला वाटलं, खरं सांगतील. ते खरंच सांगत आले होते आयुष्यभर.

"तापलाय," ते जड जिभेने म्हणाले. "खालून... हवा दे."

राजूने मला कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे तो पॅड होता, कागदात गुंडाळून, वर एक पांढरा दोरा बांधून ठेवलेला. कागद तोच होता, 'कोमट', 'गरम', 'लय गरम' लिहिलेला. मी सोडला. पंखे कुणीतरी काढून पुन्हा सरळ बसवले होते, वर हवा देणारे. आठही स्क्रू जागच्या जागी होते. ते एकट्याने बसवायला काकांना किती वेळ लागला असेल, कुणास ठाऊक. राजूने पॅड खाटेवर ठेवला, वर लॅपटॉप, वायर जोडली. पंखे फिरू लागले. मग त्याने बापाचा हात पुन्हा लॅपटॉपला लावला आणि तिथेच धरून ठेवला.

"आता?"

काकांनी दोन-तीन क्षण डोळे मिटले.

"चालू दे," ते म्हणाले. "काही हरकत नाही."